इफेक्टिव्ह म्हणजे नक्की 'प्रभावी' का?

प्रश्न असा आलाय की भौतिकशास्त्रातल्या इफेक्टिव्ह फील्ड थिअरीला (ईएफटी, म्हणजे आतली बारीक यंत्रणा बाजूला ठेवून ठरावीक ऊर्जेच्या खाली जे दिसतं त्याचंच गणित मांडणारी थिअरी) मराठीत 'प्रभावी क्षेत्र सिद्धांत' लिहिलेलं दिसतं, ते बरोबर आहे का, आणि असेल तर बाकीचे सिद्धांत काय निष्प्रभ समजायचे? टोमणा आवडला, कारण घोळ तिथेच आहे.

प्रभावी म्हणलं की आपल्याला प्रभावी औषध नाहीतर प्रभावी भाषण आठवतं, आणि जेनेटिक्समधे तर दुसऱ्यावर कुरघोडी करणारं जनुक. इथल्या इफेक्टिव्हमधे यातलं काहीच नाही. इथे म्हणायचंय ते एवढंच, की आत काय का चाललेलं असेना, बाहेर परिणाम असा दिसतो. सेमिकंडक्टरवाल्यांचं इफेक्टिव्ह मास बघा, गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या साधारण ०.०६७ पट वस्तुमान असल्यासारखा वागतो. आता यात प्रभाव कसला, बिचारा हलका झालाय!

थिअरीचं उदाहरण म्हणून फर्मीची बीटा-क्षयाची (न्यूट्रॉन फुटून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो होतात त्याची) थिअरी घ्या, १९३४ची. न्यूट्रॉन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो चौघं एकाच बिंदूत भेटतात आणि भेटीचा जोर सांगायला एक स्थिरांक, बस. मधे डब्ल्यू बोसॉन नावाचा, हा जोर पोचवणारा जड कण असतो हे तेव्हा कुणाला माहीत, तो सापडला १९८३ला सर्नमधे, पण तो पडला ८० जीईव्हीचा (जीईव्ही, एमईव्ही ही ऊर्जेची एककं, एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही; कणांचं वस्तुमानही त्यातच सांगतात) आणि न्यूट्रॉनच्या क्षयात ऊर्जा सुटते एक एमईव्हीपेक्षाही कमी, त्यामुळे डब्ल्यू दिसतच नाही, त्याचं सगळं वजन त्या स्थिरांकात जाऊन बसतं आणि गणित चोख येतं. ऊर्जा शेकडो जीईव्हीपर्यंत नेली की मात्र थिअरी कोलमडते.

मग कुणी म्हणेल 'कामचलाऊ' म्हणा की. नको, अन्याय होतो. कामचलाऊ गोष्ट किती चुकेल याचा भरवसा नसतो, इथे तो हिशोबच मुख्य आहे. न्यूक्लियर फिजिक्समधे भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्गने १९९०च्या सुमाराला हीच वाट धरली, आतले क्वार्क-ग्लुऑन हे मूलकण बाजूला ठेवून न्यूक्लिऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉन) आणि त्यांच्यातलं बल पोचवणारे पायऑन एवढेच घ्यायचे. आपल्या ऊर्जेचं, थिअरी जिथे कोलमडते त्या वरच्या मर्यादेशी गुणोत्तर एक-तृतीयांश असेल तर गणितातल्या दुरुस्तीची पुढची प्रत्येक पायरी घेतल्यावर उरलेली चूक ढोबळमानाने आणखी एक-तृतीयांश होते. ऊर्जा पायऑनच्या १४० एमईव्हीच्या बरीच खाली असेल तर पायऑनलाही रजा, त्याला सरळ पायऑनलेस थिअरी म्हणतात.

'परिणामी' अर्थाने जवळचा आहे खरा, पण मराठीत 'परिणामी' वाचलं की डोकं 'त्यामुळे काय झालं?' म्हणून पुढच्या वाक्याची वाट बघतं.

माझं मत 'परिणामलक्षी'ला. पूर्वलक्षी, वस्तुलक्षी, व्यक्तिलक्षी आपण बिनदिक्कत वापरतो, त्याच साच्यातला आहे, आणि 'लक्ष परिणामाकडे, आतल्या यंत्रणेकडे नाही' हे शब्दातच येतं. 'प्रभावी वस्तुमान' मात्र रुळलंय, त्याला आता हात लावू नये. आणि गप्पांमधे सगळे ईएफटीच म्हणणार, मीसुद्धा.