‘माणसं कमी आहेत’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न: मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. आमचं शहर गेल्या काही वर्षांत चहूबाजूंनी वाढलं आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या घरात चोर शिरला. पोलिसांना केलेला फोन लगेच उचलला गेला, पण गाडी यायला पाऊण तास लागला. विचारलं तर ‘माणसं कमी आहेत’ एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. यावर काम करता येईल असं करिअर असतं का? घरचे म्हणतात, पोलिसांत जायचं तर भरतीची तयारी कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर: असतं. पण आधी तुझ्या त्या पाऊण तासाबद्दल बोलू, कारण तुला काय शिकायचं आहे ते त्यातूनच कळेल.

फोन वाजल्यापासून उचलेपर्यंतचा वेळ, उचलल्यापासून एखाद्या मोकळ्या गाडीला निरोप मिळेपर्यंतचा वेळ आणि गाडी निघाल्यापासून दारात पोहोचेपर्यंतचा वेळ, असे त्याचे तीन तुकडे आहेत. तिन्हींचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं. पहिल्याचं गणित डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना १९०९ आणि १९१७ साली मांडलं. लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक सुरू झाला तो १९३७ साली. म्हणजे क्रमांकाच्या वीस वर्षं आधी सूत्रं तयार होती! तुमचा फोन लगेच उचलला गेला, तेव्हा घोडं अडलं ते पुढे.

आता ‘माणसं कमी’ची आकडेमोड कर. वर्षाचे तास ८,७६०. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा वजा केल्या आणि एका पोलिसाचे प्रत्यक्ष कामाचे २२० दिवस उरले असं धरलं, तर आठ तासांच्या पाळीने १,७६० तास होतात. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला पाच माणसं लागतात. गाडीत दोघं असतील तर दहा. २०० नवी पदं भरल्याची बातमी येते, तेव्हा रस्त्यावर एका वेळी फार तर २० गाड्या वाढतात, त्याही सगळेच्या सगळे गाडीवर नेमले तर. हा हिशोब बातमीत सहसा नसतो, म्हणून भरती होऊनही फरक का पडत नाही हे लोकांना उमगत नाही.

दुसऱ्या तुकड्यात रांगेचं गणित येतं. एकच गाडी आहे, कॉल कधीही येतात आणि एक काम सरासरी ४० मिनिटांचं आहे, असं सर्वांत साधं प्रारूप घे. गाडी निम्मा वेळ कामात असेल तर नव्या कॉलला सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ गुंतली तर १६०, आणि ९० टक्क्यांवर ३६०. गाड्या जास्त असल्या की हे आकडे बरेच खाली येतात, पण वाढीची चाल तीच राहते. शहर वाढत असताना सेवा हळूहळू ढासळत नाही. बराच काळ ठीक चाललंय असं वाटतं आणि मग दोनचार महिन्यांत सगळं कोलमडतं. उभी असलेली गाडी म्हणजे वाया गेलेला पैसा नव्हे, हे वरिष्ठांना आकड्यांनिशी पटवून देणारं माणूस व्हायचंय तुला.

तिसरा तुकडा अंतराचा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन गाड्यांवर काम करताना पीटर कोलेसार आणि एडवर्ड ब्लम यांनी १९७३ साली वर्गमुळाचा नियम मांडला: सरासरी अंतर निम्मं करायचं तर मोकळ्या गाड्या चौपट लागतात.

पण कागदावरच्या गणिताने भुलू नकोस. मी एकदा एका नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसलो होतो. फोनवरचा माणूस सांगत होता, ‘पाण्याच्या टाकीमागे, नवीन बिल्डिंग.’ नकाशावर तिथे मोकळं माळरान होतं. कॉल घेणाऱ्या बाईंनी ड्रॉवरमधून एक जुनी वही काढली. नव्या वस्त्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावं त्यांनी स्वतः पेनाने लिहून ठेवली होती. टाक्याच तीन निघाल्या. त्यांनी विचारलं, ‘टाकीला निळा जिना आहे का?’ आणि गाडी योग्य दिशेला वळली. पुढे गाडीतल्या शिपायाने ‘पोहोचलो’चं बटण दाबलं ते सोसायटीच्या फाटकाशी; घर नवव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. नोंदीत वेळ दिसली अकरा मिनिटं. दारात माणूस कधी उभा राहिला, ते कुठेच लिहिलेलं नाही. उद्या तू या नोंदींवर प्रबंध लिहिलास, तर तो फाटकापर्यंतचाच प्रबंध असेल.

म्हणून माझं मत असं. एमएस्सी कर, संख्याशास्त्रात किंवा संक्रियात्मक संशोधनात, म्हणजे ऑपरेशन्स रिसर्चमध्ये. रांगेचा सिद्धांत, सिम्युलेशन (संगणकावर परिस्थितीची नक्कल करून पाहणं) आणि जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडून तपासण्याचं तंत्र, हे विषय सोडू नकोस. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढायची एसक्यूएल हाताशी हवीच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या रिचर्ड लार्सन यांनी १९७४ साली मांडलेलं ‘हायपरक्यूब’ प्रारूप प्रकल्पासाठी घे; कोणती गाडी कुठे उभी करावी, याच प्रश्नाला ते भिडतं. फक्त याच कामाची पदं पोलीस दलात थोडी असतात, हे मनाशी धरून चल. मात्र रुग्णवाहिका, अग्निशमन, कॉल सेंटर आणि नियंत्रण कक्षाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या यांना हेच गणित लागतं, त्यामुळे शिक्षण अंगावर पडणार नाही. घरच्यांना हे जरूर सांग.

भरतीची तयारी गणवेशाची ओढ असेल तरच कर. या प्रश्नासाठी गणवेशाची गरज नाही. कॉल घेण्याचं तात्पुरतं काम मिळालं तर मात्र सहा महिने घे. काम सोपं नाही. समोरचा किंचाळत असताना पत्ता काढून घ्यायचा, आणि पुढे त्याचं काय झालं ते बहुतेक वेळा कळत नाही. पण कुठला कॉल गाडीचा आणि कुठला फोनवरच मिटणारा, हे तिथेच शिकशील. ते पुस्तकात नाही.

सुरुवात तुझ्या शेजाऱ्यांपासून कर. फोन किती वाजता लावला, परत कुणाचा फोन आला का, गाडी फाटकाशी कधी आली आणि पोलीस दारात कधी आले, हे त्यांच्याशी बसून लिहून काढ आणि मला पाठव.