फेडरल निधी कापला गेला तर न्यू जर्सीत माझ्या अडीच वर्षांच्या मुलाला थेरपी मिळेल का?

हो, मिळेल. आधी अर्ली इंटरव्हेन्शनला (विकासात मागे असलेल्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची राज्याची सेवा) फोन करा, बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा दोन वर्षं पाच महिन्यांचा आहे, मोजके चार-पाच शब्द बोलतो, डॉक्टरांनी अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये नाव घालायला सांगितलंय. पण फेडरल शिक्षण खातं बंद होतंय, फेडरल पैसा आटतोय अशा बातम्या येताहेत, त्यामुळे ‘नाव घालून उपयोग काय’ असं घरात चाललंय. तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, म्हणून पुढे ग्रीन कार्डला हे आड येईल का ही धास्ती आहे. सासूबाई म्हणताहेत मुलगे उशिराच बोलतात. आणि लीज संपत आल्याने दुसऱ्या गावात घर बघताय.

मी न्यू जर्सीतल्याच एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या (गावच्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बिझनेस ऑफिसमध्ये काम करते. विशेष शिक्षणाचं फेडरल अनुदान खात्यात कधी येतं, कशावर खर्ची टाकता येतं, हा माझा रोजचा विषय आहे. थेरपिस्ट नाही, वकील नाही. पैशाची बाजू मात्र आतून माहीत आहे.

आपल्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक गोष्ट सर्रास गृहीत धरली जाते, ती म्हणजे या सेवा वॉशिंग्टनच्या पैशावर चालतात. तसं नाही. त्या वॉशिंग्टनच्या कायद्यावर चालतात. पंगत कशी मांडायची, पानात काय काय वाढायचंच, हे फेडरल सरकार ठरवतं आणि स्वतः घेऊन येतं लिंबू-मीठ. बाकीचा शिधा राज्य आणि गाव भरतं.

हे आजचं नाही. 29 नोव्हेंबर 1975 ला जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या मूळ कायद्यावर सही केली, तेव्हाच त्यांनी बोलून दाखवलं होतं की फेडरल सरकारला पेलणार नाही इतकं या विधेयकात कबूल केलंय. कबूल काय केलं होतं? देशात एका विद्यार्थ्यावर सरासरी जो खर्च होतो, त्याच्या 40 टक्क्यांपर्यंतची रक्कम दर विशेष विद्यार्थ्यामागे फेडरल सरकार देईल. पन्नास वर्षांत एकदाही तो आकडा गाठला गेलेला नाही. अलीकडच्या वर्षांत तर तो 15 टक्क्यांच्याही खाली आहे. रिपब्लिकन असोत की डेमोक्रॅट, सगळ्यांच्या राज्यात हेच.

लहान मुलं या कायद्यात खऱ्या अर्थाने आली ती 1986 मध्ये. तोवर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर अशी योजनाच नव्हती. रेगन यांच्या सहीने झालेल्या त्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या: जन्मापासून तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन आणलं आणि तीन ते पाच वयाच्या मुलांना शाळेमार्फत सेवा देणं राज्यांना जवळजवळ भागच पाडलं. 1990 मध्ये कायद्याला ‘आयडिया’ हे आजचं नाव मिळालं. शून्य ते तीनसाठी त्यातला पार्ट सी, तीन ते पाचसाठी कलम 619. तुमचा मुलगा पुढच्या सात महिन्यांत पहिल्यातून दुसऱ्यात जाणार आहे.

आता आकडे बघा. 2024 च्या आर्थिक वर्षात पार्ट सीला सगळ्या देशासाठी मिळून सुमारे 54 कोटी डॉलर आणि कलम 619 ला सुमारे 42 कोटी डॉलर मिळाले. शालेय वयाच्या मुलांसाठीचं मोठं अनुदान 14 अब्जांच्या वर असतं, त्यापुढे हे किरकोळच. पार्ट सीखाली कुठल्याही एका दिवशी साधारण साडेचार लाख मुलं असतात. भागाकार केलात तर वर्षाला एका मुलामागे बाराशे डॉलर येतात. त्यात स्पीच थेरपिस्टचे किती तास बसतील ते तुम्हीच ठरवा. वाटपाची रीतही गमतीची आहे: पार्ट सीचा पैसा राज्यात विकासात विलंब असलेली मुलं किती हे बघून येत नाही, राज्यात तीन वर्षांखालची एकूण मुलं किती हे बघून येतो. जे राज्य मेहनत घेऊन जास्त मुलं शोधून काढतं, त्याच्या वाट्याला दर मुलामागे कमी पैसे येतात. कलम 619 मध्ये राज्याला 1997 मध्ये जेवढं मिळत होतं तो आकडा अजूनही पाया म्हणून धरतात, आणि वरची रक्कम लोकसंख्या आणि गरिबी बघून वाटतात. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत कुठली राज्यं फुगली, कुठली आटली, याचं या पायाला सोयरसुतक नाही.

शिवाय पार्ट सीच्या पैशाला कायद्यानेच ‘सगळ्यात शेवटी हात घालायचा पैसा’ ठरवलंय. म्हणजे आधी मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा), पालकांची संमती असेल तर खासगी विमा, राज्याची स्वतःची तरतूद, कुटुंबाचा वाटा, आणि उरलं तर फेडरल. म्हणून खरी काळजी करायची असेल तर पार्ट सीच्या 54 कोटींची करू नका, मेडिकेडची करा. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने मेडिकेडला पुढच्या दहा वर्षांत मोठी कात्री लागणार आहे. त्याचा ताण राज्यांच्या तिजोरीवर आला की राज्य आधी कुठे हात आखडता घेईल, ते सांगायला नको. आमच्यासारखी डिस्ट्रिक्टंसुद्धा पात्र मुलांच्या थेरपीचं बिल सेमी नावाच्या योजनेतून मेडिकेडला लावतात, तो पैसाही त्यातच आला.

शिक्षण खात्याचं म्हणाल, तर कायदा खात्यापेक्षा जुना आहे. खातं स्थापण्याचा कायदा 1979 चा, हा 1975 चा. मार्च 2025 च्या आदेशाने खातं गुंडाळायला सुरुवात झाली असली तरी ‘आयडिया’ रद्द करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, तो काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा आहे. तुमच्या मुलाचा हक्क तिथे लिहिलेला आहे. आणि न्यू जर्सीत पार्ट सी शिक्षण खात्याकडे नाहीच, राज्याच्या आरोग्य खात्याकडे आहे.

मग बिनघोर राहायचं का? नाही. माझ्या मते नुकसान होईल ते देखरेखीचं. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकार ठप्प असताना फेडरल विशेष शिक्षण कार्यालयातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा गेल्या. आधी न्यायालयाने त्या अडवल्या आणि नोव्हेंबरच्या निधी-विधेयकाने मागे घ्यायला लावल्या. पण कार्यालयाचं पुढे काय, ही टांगती तलवार राहिलीच. हे कार्यालय दरवर्षी प्रत्येक राज्याची तपासणी करतं: मुलांची तपासणी वेळेत होते का, तिसऱ्या वाढदिवसाला शाळा तयार असते का, वगैरे. देखरेख नसली की काय होतं ते टेक्ससने दाखवलंय. तिथल्या राज्य शिक्षण संस्थेने 2004 मध्ये डिस्ट्रिक्टंना मोजपट्टी घालून दिली की विशेष शिक्षणात साडेआठ टक्क्यांहून जास्त मुलं असली की तुमच्याकडे संशयाने बघू. देशाची सरासरी तेव्हा 13 टक्क्यांच्या आसपास होती. मग डिस्ट्रिक्टं मुलं घेईनाशी झाली. हजारो मुलं वर्षानुवर्षं बाहेर राहिली आणि कोणाला पत्ताही लागला नाही. 2016 मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलने ते बाहेर काढलं, आणि जानेवारी 2018 मध्ये फेडरल शिक्षण खात्याने टेक्ससने कायदा मोडल्याचा अहवाल दिला. लक्षात घ्या, त्या सगळ्या काळात फेडरल अनुदान टेक्ससला नियमित मिळतच होतं.

आता तुमचं कॅलेंडर. यात एक दिवसही फुकट घालवू नका.

फोन तुम्ही स्वतः करू शकता, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. नाव नोंदवल्यापासून 45 दिवसांच्या आत तपासणी होऊन आयएफएसपीची (मुलाला आणि कुटुंबाला कुठल्या सेवा मिळणार याची लेखी योजना) पहिली बैठक व्हायला हवी. तपासणी, सर्व्हिस कोऑर्डिनेटर आणि आयएफएसपी तयार करणं हे कुठल्याही राज्यात मोफत असतं. न्यू जर्सीत पात्र ठरायला विकासाच्या एका क्षेत्रात 33 टक्के किंवा दोन क्षेत्रांत 25 टक्के विलंब लागतो. दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा निकष तुम्हाला लागू नाही, कारण विलंबाची व्याख्या प्रत्येक राज्य आपापली करतं. प्रत्यक्ष थेरपीला मात्र न्यू जर्सी उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार बघून तासाप्रमाणे पैसे घेते. दोघंही आयटीत असाल तर तो आकडा टोचेल, पण खासगी क्लिनिकशी ताडून बघा. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये कुटुंबाला काहीच द्यावं लागत नाही. एकच फेडरल कायदा, नदी ओलांडली की वेगळं बिल!

मुलगा घरी मराठी ऐकतो, हे पहिल्याच फोनवर सांगा. तपासणी मुलाच्या भाषेत, गरज पडली तर दुभाषा घेऊन व्हावी असा नियम आहे. त्याला ‘पाणी’, ‘दे’, ‘आज्जी’ येत असेल तर ते शब्द मोजले गेलेच पाहिजेत. आणि ‘घरी फक्त इंग्रजी बोला, म्हणजे बोलेल’ असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही.

दुसरी तारीख जास्त महत्त्वाची आणि तीच बहुतेक जण चुकवतात. तिसऱ्या वाढदिवसाला अर्ली इंटरव्हेन्शन बंद होतं, आणि त्याच दिवशी शाळेचा आयईपी (मुलाच्या विशेष शिक्षणाची लेखी योजना) सुरू व्हायला हवा. न्यू जर्सीचा नियम सांगतो की डिस्ट्रिक्टला तपासणीची लेखी विनंती वाढदिवसाच्या किमान 120 दिवस आधी पोहोचली पाहिजे. म्हणजे तुमच्या हातात आजपासून जेमतेम तीन महिने. कोऑर्डिनेटर पाठवेल यावर विसंबू नका. स्वतः पत्र लिहा, त्यावर तारीख घाला, ईमेलनेही पाठवा. पत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत डिस्ट्रिक्टने चाइल्ड स्टडी टीमची (मुलाची तपासणी करणारा शाळेचा तज्ज्ञगट) बैठक बोलवायला हवी, आणि उन्हाळ्याची सुट्टी हे त्यावर कारण होत नाही. बैठकीला स्पीच-लँग्वेज स्पेशालिस्ट असतील याची खात्री करून घ्या.

त्या बैठकीत ‘बजेट नाही’ असं थेट कोणी म्हणणार नाही, तेवढं प्रशिक्षण सगळ्यांना असतं. ‘आमच्याकडे या वयाला आठवड्यातून एकदाच गटात स्पीच देतात’ असं म्हणतील. तुम्ही विचारायचं: माझ्या मुलाच्या तपासणीतल्या कुठल्या निष्कर्षावरून एकदाच? सेवा मुलाच्या गरजेवरून ठरते. 1999 मध्ये आयोवातल्या व्हेंटिलेटरवरच्या एका मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की खर्च जास्त येतो म्हणून शाळेला नर्सिंगची जबाबदारी झटकता येत नाही. आणि बिझनेस ऑफिसातली एक आतली गोष्ट: विशेष शिक्षणावर गेल्या वर्षी जेवढा स्थानिक पैसा खर्च केला त्याहून कमी करायला डिस्ट्रिक्टला, काही ठरावीक अपवाद सोडले तर, परवानगीच नसते. फेडरल अनुदान कापलं गेलं तर तो खड्डा आम्ही प्रॉपर्टी टॅक्समधून किंवा दुसऱ्या कार्यक्रमांतून भरतो. मग गावात कुरकुर होते, संगीताचा शिक्षक जातो, आणि दोष विशेष मुलांच्या माथी येतो. हे मला फार खटकतं, पण त्यावर इथे लिहीत बसत नाही.

बैठकीआधी मदत हवी असेल तर स्पॅन ही न्यू जर्सीतली पालकांची संस्था आहे, त्यांचा सल्ला फुकट असतो. अशा पालक केंद्रांना ‘आयडिया’च्याच पार्ट डीमधून पैसा मिळतो. 2026 च्या बजेट प्रस्तावात कलम 619 आणि पार्ट डी मोठ्या अनुदानात मिसळून टाकायची सूचना होती, अशा सूचनांवर मात्र लक्ष ठेवा. वेगळं नाव गेलं की वेगळा पैसाही कालांतराने दिसेनासा होतो.

ग्रीन कार्डबद्दल: या सेवा मागताना व्हिसा कुठला हे पात्रतेत येत नाही, आणि आजवरच्या पब्लिक चार्ज नियमांत (सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारण्याचे नियम) शाळेमार्फत मिळणारं विशेष शिक्षण धरलं गेलेलं नाही. मेडिकेड हा वेगळा विषय आहे, त्याचा फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

सासूबाईंना सांगा की काही मुलगे खरंच उशिरा बोलतात, आणि तुमचाही त्यातलाच निघाला तर तपासणीने काही बिघडणार नाही. थांबलो आणि तो त्यातला नसला तर हे सात महिने परत मिळणार नाहीत.

राहिलं घर. अर्ली इंटरव्हेन्शन राज्याचं आहे, त्यामुळे न्यू जर्सीतल्या न्यू जर्सीत हललात तर आयएफएसपी तुमच्याबरोबर येतो. डिस्ट्रिक्ट मात्र गावागणिक बदलतं. तपासणी अर्धवट असताना गाव बदललंत तर नव्या डिस्ट्रिक्टमध्ये पत्र, पत्त्याचे पुरावे, बैठक, सगळ्याची पुन्हा जुळवाजुळव करावी लागेल आणि वाढदिवस काही तुमच्यासाठी थांबणार नाही. तेव्हा एक तर पुढच्या दोन महिन्यांत हला आणि पत्र नव्या गावालाच पाठवा, नाहीतर आयईपी लागू होईपर्यंत लीज वाढवून घ्या आणि त्यानंतर हला. तेव्हा नव्या डिस्ट्रिक्टला पहिल्या दिवसापासून त्याच तोडीच्या सेवा द्याव्या लागतात. घर बघताना शाळेचं दहापैकी रेटिंग बघताच, तसं त्या डिस्ट्रिक्टचा प्रीस्कूलचा विशेष वर्ग गावातच आहे की मुलाला बसने दुसरीकडे पाठवतात, तेही विचारून घ्या.