विभागीय इतिहास प्रकल्प स्पर्धेत प्रथमच उतरताना

विषय आवडीचा निवडावाच, पण तो आवाक्यात येईल एवढा लहान करून घ्यावा. ‘१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ’ हा विषय एका प्रकल्पात आवरत नाही, ‘त्या साथीत एका शहरातील शाळा बंद ठेवण्याचा निर्णय कसा झाला’ हा आवरतो. त्यानंतरचा बहुतेक वेळ मूळ साधनांना, म्हणजे त्या काळीच लिहिल्या-छापल्या गेलेल्या कागदपत्रांना, द्यावा. महायुद्धात गुंतलेल्या देशांतील वृत्तपत्रांवर तेव्हा नियंत्रणे होती, म्हणून छापील बातमी मृत्यूच्या नोंदवहीशी आणि खासगी पत्रांशी ताडून पाहावी, आणि त्यांत तफावत आढळली तर ती मुळीच लपवू नये, कारण माझ्या मते प्रकल्पाचा प्राण तिथेच असतो. सजावट शेवटी करावी. ‘हे तुला कुठे सापडले?’ असे परीक्षक विचारतातच, तेव्हा प्रत्येक टिपणाखाली साधनाचे नाव, तारीख आणि पृष्ठ त्याच दिवशी लिहून ठेवावे.