अंधाऱ्या राइडला घाबरलेल्या मुलीला पुन्हा पार्कमध्ये नेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे सल्ले कोणत्या परिस्थितीसाठी आहेत ते इतर पालकांनाही कळेल. तुमची मुलगी सव्वापाच वर्षांची आहे. मे महिन्याच्या सुटीत ती एका पार्कमधील भुताटकीच्या राइडमध्ये बाबांच्या शेजारी बसून गेली, अंधारात अचानक अंगावर आलेल्या आकृतीमुळे किंचाळू लागली आणि बाहेर येईपर्यंत थांबली नाही. तेव्हापासून ती लिफ्टमध्येही तुमचा हात सोडत नाही आणि बागेतल्या छोट्या पाळण्यातही बसत नाही. आता दिवाळीच्या सुटीत चुलत भावंडांसोबत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे ठरले आहे. तिचे बाबा म्हणतात, पुन्हा एकदा बसवले की भीती मोडेल. तुमच्या सासूबाई म्हणतात, मुलीला न्यायचेच नाही. कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी अनेक वर्षे पुण्यात बालवाडीत शिकवले आहे आणि भीतीने थरथरणारी मुले जवळून पाहिली आहेत. माझे मत स्पष्ट आहे. मुलीला जरूर न्यावे, परंतु बसायचे की नाही हा निर्णय अगदी शेवटच्या क्षणापर्यंत तिच्याकडे असावा, आणि आत काय आहे हे तिला आधी खरे खरे सांगितलेले असावे. या दोन गोष्टी पाळल्या नाहीत, तर बाकीच्या कोणत्याही युक्तीचा फारसा उपयोग होत नाही.

"ते भूत खोटे आहे, हे तिला माहीत आहे, तरी ती का घाबरते?" असे तिच्या बाबांना वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. पाच वर्षांच्या मुलाला खोटे काय ते बऱ्याच अंशी कळते, पण ते कळणे भीतीच्या क्षणी त्याच्या उपयोगी पडत नाही. गणेशोत्सवातल्या जिवंत देखाव्यात हे दर वर्षी दिसते. गल्लीतल्या ओळखीच्या दादाने राक्षसाचा पोशाख चढवलेला मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि तरीही पडदा उघडून तो गर्जना करू लागला की तेच मूल आईच्या पदरात तोंड लपवते. अशा वेळी "अगं, तो आपला दादाच आहे" हे वाक्य चूक नसते, फक्त ते उशिरा पोहोचते. शरीराने धोक्याची सूचना आधीच दिलेली असते, छाती धडधडू लागलेली असते आणि समजूत मागाहून येते.

अंधाऱ्या राइडमध्ये त्यात आणखी काही गोष्टी मिसळतात. बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम अंधारात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि राइड तर त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणजे सगळा वेळ मूल जवळजवळ काहीच न दिसता, केवळ आवाज आणि अचानक चमकणारे दिवे यांच्या भरवशावर बसलेले असते. शिवाय ते आडव्या दांडीमागे असते, त्यामुळे पळून जाण्याचा मार्ग नसतो. तुमच्या मुलीची लिफ्टमधली भीती मला याच टोकाशी जोडलेली वाटते. लिफ्टमध्ये भूत नसते, पण दार बंद होते आणि आपल्या हातात काही राहत नाही. म्हणून माझा अंदाज असा की तिला भुतापेक्षा अडकल्याची भावना अधिक बोचली असावी. हे तुम्ही तिच्याशी बोलून पडताळून पाहावे, कारण कोणाला उंची नकोशी वाटते, कोणाला पोटात गोळा येणे, कोणाला कानठळ्या बसवणारा आवाज, आणि प्रत्येक भीतीवरचा उपाय वेगळा असतो. बोलताना "तुला भीती कशाची वाटली?" असे थेट विचारण्यापेक्षा तिला ती राइड चित्रात काढायला सांगावी किंवा बाहुल्यांना त्या गाडीत बसवून खेळू द्यावे. कोणत्या ठिकाणी खेळ थांबतो, ते नीट पाहावे.

आता तिच्या बाबांच्या म्हणण्याकडे वळते. भीतीपासून कायम दूर राहिले तर ती घट्ट होते, ही त्यांची मूळ जाणीव योग्य आहे, त्यामुळे सासूबाईंचा मार्ग मलाही पुरेसा वाटत नाही. परंतु एकदम त्याच अंधारात पुन्हा बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली प्रसिद्ध केलेले पीटर नावाच्या मुलाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. जेमतेम पावणेतीन वर्षांचा पीटर सशाला घाबरत असे, इतकेच नव्हे तर फरचा कोट, पिसे आणि कापूस यांनाही घाबरत असे. त्यांनी सशाला त्याच्या मांडीवर ठेवले नाही. ससा पिंजऱ्यात ठेवून पीटरला आवडीचे खाणे दिले, पिंजरा त्याला सोसेल इतकाच जवळ आणला आणि सशाला न घाबरणारी इतर मुले आसपास खेळू दिली. मध्यंतरी पीटर आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवले आणि सगळी प्रगती मागे गेली, तेव्हा त्यांनी पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला स्वतःची बोटे कुरतडू देऊ लागला. मधली ती माघार मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तुमच्याही घरी एखादा दिवस तसा येईल आणि "सगळे वाया गेले" असे कोणीतरी नक्की म्हणेल.

दिवाळीला अजून अवकाश आहे, तेव्हा पायऱ्या आतापासूनच सुरू कराव्यात. पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, ही पहिली पायरी म्हणून मला फार आवडते. १९५६ पासून पुण्यातल्या कितीतरी पिढ्यांनी तिच्यात पहिली फेरी मारलेली आहे, ती सावकाश चालते, उघडी असते आणि बाहेर उभी असलेली आई दिसू शकते. पहिल्या दिवशी बसलेच पाहिजे असे नाही. गाडी फिरताना पाहणे, दुसऱ्या मुलांना हात करणे, एवढ्यानेही सुरुवात होते. त्यानंतर नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेला दुपारी, गर्दी आणि दिव्यांचा झगमगाट सुरू होण्याआधी जावे. तिथले छोटे पाळणे थांबलेले असताना जवळून पाहता येतात, पाळणेवाल्याला विनंती केली तर मुलीला रिकाम्या पाळण्यात नुसते बसून उतरताही येते. जत्रेतल्या पाळण्यांना मुलाची किमान उंची तपासणारी पट्टी बहुधा नसते, त्यामुळे दांडी किंवा साखळी मुलीच्या अंगाला नीट बसते की नाही हे तुम्ही स्वतः ओढून पाहावे आणि शंका वाटली तर सरळ परत फिरावे.

घरी अंधाराचा खेळ खेळता येतो. एका खोलीत दिवा बंद करून टॉर्च तिच्या हातात द्यावी, आणि तिने लावली की उजेड, तिने विझवली की अंधार, असे चालू द्यावे. बटण तिच्याच हातात असणे हा या खेळाचा प्राण आहे. मोठ्या भावंडाने मध्येच "भॉक्" करून घाबरवले तर खेळ त्याच क्षणी बंद करावा आणि त्या भावंडाला बाजूला घेऊन समजावावे.

राइड कशी चालते, हे सांगण्याचाही मोठा उपयोग होतो. अंगावर येणाऱ्या आकृत्या पुष्कळदा दाबलेल्या हवेच्या नळीवर चालतात. पीएमपीच्या बसचा दरवाजा उघडताना 'फस्स' असा आवाज येतो, तसाच आवाज त्या आकृतीच्या मागे असतो, हे मुलीला बसथांब्यावर उभे राहून दाखवता येईल. गाडी ठरावीक जागी आली की यंत्राला इशारा मिळतो, आकृती पुढे येते आणि पुन्हा मागे जाते. पाच वर्षांची मुले असली माहिती फार गांभीर्याने घेतात. शक्य असेल तर त्या राइडचा, आत बसून कोणीतरी चित्रित केलेला व्हिडिओ आधी आवाज बंद करून, दिवसाउजेडी, लहान पडद्यावर दाखवावा आणि केव्हा थांबवायचा ते तिला ठरवू द्यावे. पोटात गोळा का येतो, हेही सांगावे. गाडी वेगाने खाली येते तेव्हा पोटातले अवयव क्षणभर हलके होतात, ते दुखणे नसते आणि लगेच थांबते. शरीरात काय होणार आहे हे आधी कळलेले असले की मूल त्याला आजार किंवा अपघात समजत नाही.

या सगळ्यात खोटे बोलू नये. "आत काहीच नाही", "आपण नुसते बघायला चाललोय" असे सांगून रांगेत उभे करणे आणि दांडी बंद झाल्यावर खरे कळू देणे, हा प्रकार मी आपल्याकडे वारंवार पाहिला आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते. राइडची भीती कालांतराने ओसरते, पण "आई सांगते ते खरे नसते" हा धडा मुलीला दवाखान्यात, शाळेच्या दारात, सगळीकडे आठवतो. म्हणून "आत अंधार आहे, मोठा आवाज होईल, दोन वेळा काहीतरी पुढे येईल, मी तुझ्या शेजारी असेन, आणि तुला पाठ असलेले बडबडगीत चार-पाच वेळा म्हणेपर्यंत ते संपेल" असे सांगावे. मिनिटांचा हिशेब मुलांना कळत नाही, गाण्याचा कळतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी सकाळी टबी टेक्स ऑफ किंवा मॅजिक कॅरोसेलसारख्या लहान मुलांच्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी, त्या तिला हव्या तितक्या वेळा करू द्याव्यात आणि मोठ्या मुलांनी तोवर दुसरीकडे जावे. राजासॉरसची बोट तिला ओढून घेण्याची शक्यता आहे, कारण डायनोसॉर कोणत्या मुलाला आवडत नाहीत. राजासॉरस हा खरोखरच नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ साली नाव मिळालेला आपल्या देशातला डायनोसॉर आहे, आणि ही गोष्ट आधी सांगितली तर तिला कुतूहल वाटेल. मात्र तिथेही गर्जना आहेत आणि पाण्यात घसरणारा उतार आहे, हे सांगायला विसरू नये. सलीमगढसारखी भुताटकीची राइड मी या खेपेस यादीतूनच काढली असती. नायट्रो या रोलर कोस्टरसारख्या मोठ्या राइडचा प्रश्न उंचीच्या पट्टीवरच सुटतो. ती पट्टी माणसाला सीटवर धरून ठेवणाऱ्या साधनांच्या मापावरून ठरवलेली असते, त्यामुळे जाड तळव्याचे बूट घालून किंवा टाचा उचलून कोणत्याही मुलाला आत घुसवू नये.

रांगेत उभे राहण्याआधी तिला घेऊन बाहेर पडण्याच्या दाराशी थोडा वेळ थांबावे. तिथे लोक हसत, केस सावरत बाहेर येताना दिसतात, आणि एखादे रडणारे मूलही दिसते. दोन्ही तिने पाहावे. रांगेत तिने "नको" म्हटले तर "बरं" म्हणून तिच्यासोबत बाहेर यावे, चेहऱ्यावर नाराजी न आणता यावे. आपल्या चेहऱ्याचा किती परिणाम होतो, याचा १९८५ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. एक वर्षाच्या बाळांना काचेवर सोडले होते आणि काचेखाली सुमारे ३० सेंटिमीटरचा खड्डा दिसत होता. पलीकडे उभ्या असलेल्या आईने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही बाळ पुढे आले नाही, आणि आईने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळे ओलांडून आली. म्हणून तुम्हाला स्वतःला अशा राइडची धास्ती वाटत असेल, तर तिच्या शेजारी बाबांनी किंवा जिला मजा येते अशा आत्यानेच बसावे, हे अधिक चांगले.

बसायचे ठरलेच, तर झुलणाऱ्या बोटीत मधली जागा घ्यावी, कारण टोकाला झोका सर्वांत मोठा असतो, आणि रोलर कोस्टरमध्ये शेवटच्या डब्याला उतारावर अधिक हिसका बसतो. आवाजाचा त्रास असेल तर कान झाकणारे मऊ हेडफोन न्यावेत, मात्र ते त्या राइडमध्ये चालतात का ते कर्मचाऱ्यांना आधी विचारावे. पडद्यावरची दृश्ये आणि हलत्या खुर्च्या असणाऱ्या राइडमध्ये मळमळू लागले तर डोळे मिटावेत. श्वास सावकाश सोडणे हा साधा उपाय आहे, आणि त्याचा सराव घरी साबणाचे फुगे फुंकताना झाला तरच तो तिथे आठवतो.

चुलत भावंडांचा प्रश्न मला राइडपेक्षा कठीण वाटतो. "भित्री भागूबाई" हा शब्द त्या दिवशी कोणीही उच्चारायचा नाही, हे मोठ्यांनी निघण्याआधीच सर्व मुलांना सांगावे, आणि काका-मामांनाही सांगावे, कारण चिडवण्याची सुरुवात पुष्कळदा तेच करतात. तिकिटाचे पैसे वाया गेले, असे तिच्यासमोर म्हणू नये. मोठी माणसे आळीपाळीने बाहेर थांबतील असे ठरवून टाकले, तर बाहेर राहणे ही तिच्यामुळे कोणावर आलेली शिक्षा ठरत नाही. ती बसली तर "घाबरली नाहीस ना" असे म्हणण्यापेक्षा "भीती वाटत होती आणि तरी तू दांडी धरून बसलीस, मी पाहिले" असे सांगावे. तिने मध्येच डोळे मिटले असतील तर तेही तिने शोधलेला उपायच आहे.

त्या रात्री ती तोच प्रसंग परत परत सांगेल किंवा खेळेल, तो तिला हवा तितक्या वेळा सांगू द्यावा. एक-दोन रात्री दिवा लावून झोपणे यात काळजीचे काही नाही. परंतु मे महिन्यापासून आजवर लिफ्टची भीती टिकून आहे, हे मला थोडे लांबलेले वाटते. पायऱ्यापायऱ्यांनी प्रयत्न करूनही येत्या काही आठवड्यांत ती कमी झाली नाही, किंवा झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम होऊ लागला, तर दिवाळीची वाट न पाहता तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून बालमानसतज्ज्ञांकडे जावे. लिफ्टचा सराव मात्र आजपासूनच, गर्दी नसलेल्या वेळी, फक्त एका मजल्यापुरता आणि बटण तिने दाबून सुरू करता येईल.