ठाण्यात आमचा चौघांचा इंडी रॉक बँड आहे. 8 मराठी गाण्यांचा अल्बम 6 दिवसांत स्टुडिओत होईल का? आणि त्याची दखल घेतली जावी म्हणून काय करावं?

होईल, पण सहापैकी अडीच दिवस ड्रमला द्यायची तयारी असेल तरच. गिटारवाल्यांना हा हिशेब सहसा पटत नाही. पण गिटारचा डीआय (अँपशिवाय थेट घेतलेला कोरा सिग्नल) घेऊन ठेवला, तर तो नंतर हव्या त्या अँपमधून काढता येतो. ड्रम बिघडले की मिक्स करणारा, म्हणजे सगळी वाद्यं आणि गळा एकत्र जुळवणारा, हात टेकतो.

ड्रमवरची स्किन एक-दोन दिवस आधी बदला, त्याच सकाळी नको. नवी स्किन ताणत राहते आणि दर टेकला सूर उतरतो. पहिला अर्धा दिवस नुसते माइक लावण्यात जाईल, जाऊ द्या. ड्रमच्या वर टांगलेले दोन ओव्हरहेड माइक स्नेअरपासून (वाजवणाऱ्यासमोरच्या कडक आवाजाच्या ड्रमपासून) अगदी सारख्या अंतरावर हवेत. साधी दोरी घ्या, एक टोक स्नेअरच्या मधोमध दाबून धरा, दुसरं पहिल्या माइकला टेकवा आणि तेवढीच दोरी दुसऱ्या माइककडे न्या. 17 सेंटीमीटरचा फरक पडला, तरी 1000 हर्ट्झच्या आसपास दोन्ही माइक एकमेकांचा आवाज खातात. हेडफोनवर कळत नाही. फोनच्या एकुलत्या स्पीकरवर मात्र स्नेअर पत्र्याचा डबा वाटतो. म्हणून रेकॉर्डच्या आधी मोनोचं (डावा-उजवा आवाज एकत्र करणारं) बटण दाबून ऐकाच.

गाण्यांचे टेम्पो तालमीतच ठरवा. क्लिकवर (ठरलेल्या टेम्पोच्या टिकटिकीवर) कच्ची गिटार आणि कच्चा गळा घरी रेकॉर्ड करून न्या, 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर. घरी 44.1 आणि स्टुडिओत 48 किलोहर्ट्झ असं असेल आणि फाइल न बदलता तशीच ओढली, तर गाणं जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन स्वरांतलं अंतर) वर चढतं, वेगही वाढतो. मग सगळे ट्यूनरला शिव्या घालत बसतात.

पावसाळ्यात ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीतून आलेली गिटार थेट एसीत काढून लगेच वाजवू नका. तासभर त्या खोलीत राहू द्या, मग सूर लावा. तारा आदल्या दिवशी बदला.

गळ्याचं काम घरी करणार असाल, तर गणपतीआधीच्या दोन महिन्यांत संध्याकाळ विसरा. आसपास ढोलपथकाचा सराव असला, तर कुठलीच गादी-रजई तो आवाज अडवत नाही. सकाळी गा. मराठीत भ, फ, ध यांची हवा माइकवर आदळते. माइकपुढे पॉप फिल्टर (हवा अडवणारी जाळी) लावा, 15 सेंटीमीटर अंतर ठेवा आणि माइक तोंडासमोरून किंचित बाजूला वळवा. शब्द कळत नाहीत अशी तक्रार आली, तर गळा मोठा करण्याआधी गिटारी 3 किलोहर्ट्झपाशी 2-3 डेसिबल उतरवून बघा. शब्दांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते.

मास्टर करणाऱ्याला, म्हणजे प्रकाशनासाठी शेवटचा हात फिरवणाऱ्याला, मिक्स देताना पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे 6 डेसिबलच्या खाली ठेवा. आवाज ठासून भरण्यात अर्थ नाही, स्पॉटिफाय तो नेहमीच्या सेटिंगवर उणे 14 लफ्सला (लफ्स हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं.

आता दखल. माझ्या मते इथे बहुतेक बँड स्वतःच माती खातात: मास्टर हातात आला की त्याच आठवड्यात प्रकाशन. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवता येतं ते प्रकाशनाआधीच, निदान 7 दिवस आधी, आणि एका वेळी एकच. म्हणून मास्टर आल्यावर तारीख ठरवा, चार-पाच आठवडे पुढची. त्या काळात समीक्षकांना खासगी लिंक पाठवा, सोबत तीन ओळी आणि 'आधी ही दोन ऐका' एवढंच. आठ जोडफायली कोणी उघडत नाही. बँडचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा, नाहीतर दोन प्रोफाइल तयार होतात. गीत-संगीत कोणाचं, वाटा किती, हे रेकॉर्डिंगआधी कागदावर घ्या आणि गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या.

पहिल्या महिन्यात काहीच हललं नाही म्हणून अल्बम काढून टाकू नका. न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन इंडी बँडच्या 1998 च्या अल्बमला पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या साइटने आधी 10 पैकी 8.7 दिले होते, 2005 मध्ये त्यालाच 10. वितरक (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) बदलायचाच झाला, तर प्रत्येक गाण्याचा जुना 12 अक्षरी आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) तोच ठेवा. नवा घेतला की जमलेले प्ले नव्या गाण्यावर येत नाहीत.