ठरवून लग्न झालंय, नवरा कॅनडात पीआर (कायम रहिवासी) आहे. स्पॉन्सरशिपच्या, म्हणजे मला तिकडे बोलावून घेण्याच्या, अर्जाला कोणते पुरावे जोडावेत?

तुमचा प्रश्न मला असा समजला: डिसेंबरात सांगलीला ठरवून लग्न झालं, यजमान ब्रॅम्प्टनला पीआर आहेत, तीन आठवड्यांत ते परत गेले. आता व्हॉट्सअ‍ॅपची शेकडो पानं आणि लग्नाचे हजारभर फोटो समोर आहेत, आणि त्यातलं काय पाठवायचं ते कळत नाही.

फार थोडं पाठवायचं. पण त्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त तारखा लिहा. स्थळ कुणी सुचवलं, पत्रिका कधी जुळली, फोनवर पहिल्यांदा कधी बोललात, पाहण्याचा कार्यक्रम, बैठक, साखरपुडा, लग्न, नोंदणी, यजमान परत गेले तो दिवस, त्यानंतरची प्रत्येक भेट. अर्जातल्या आयएमएम ५५३२ या नात्याची माहिती विचारणाऱ्या फॉर्ममध्ये जवळपास हेच विचारलेलं आहे. तुम्ही दोघांनी हा कागद वेगवेगळा लिहा आणि मग जुळवून बघा. साखरपुड्याची तारीख एकाला १२ आणि दुसऱ्याला १४ आठवत असेल, तर ते आता कळलेलं बरं. कागद तयार झाला की एकेका तारखेसमोर एकेक पुरावा ठेवत जा. ज्या कागदाला या यादीत जागा सापडत नाही, तो बहुतेक वेळा पाठवायची गरजच नसते.

अधिकारी नेमकं काय तपासतो हे कळलं की निवड सोपी होते. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या कलम ४ नुसार लग्न खरं नसेल, किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलेलं असेल, तर अर्ज नाकारता येतो. त्यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही बाजूंनी टिकावं लागतं. ठरवून केलेलं लग्न म्हणून कुणी संशय घेत नाही. तुमच्या समाजात लग्न जसं होतं तसं ते झालं का, हे पाहिलं जातं. म्हणून जिथे रीत मोडली असेल, तिथे कुणी विचारायची वाट न पाहता कारण लिहून द्यावं. साखरपुडा झाला नाही, पाहुणे मोजकेच होते, कुणाचे आईवडील आले नाहीत, पाहण्याच्या कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत लग्न उरकलं, वयात मोठं अंतर आहे, लग्नानंतर तुम्ही सासरी न राहता माहेरी राहता: यातलं जे लागू असेल त्यावर एका पानाचं साधं पत्र लिहा. ‘यजमानांना २१ दिवसांचीच रजा होती, हॉल त्याच तारखेला मिळाला, हे हॉलचं बुकिंग आणि ही रजेची मंजुरी’ एवढं पुरतं. भावना रंगवू नका, कारण आणि कागद द्या.

विवाह प्रमाणपत्र निबंधकाचंच हवं. भटजींचं, देवळाचं किंवा हॉलचं पत्र चालत नाही. महाराष्ट्रात नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात, खेड्यात ग्रामपंचायतीत. नमुना ‘ड’ भरून लग्नापासून ९० दिवसांत द्यायचा, नंतर दिला तर विलंब शुल्क पडतं. वधूवर आणि तीन साक्षीदार, सगळ्यांनी हजर राहावं लागतं. परदेशी राहणारा नवरा निघून गेला की हे काम त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत अडतं. हे वाचणाऱ्या ज्यांचं लग्न अजून व्हायचंय, त्यांनी नोंदणीचा दिवस परतीच्या तिकिटाआधी पक्का करावा. नमुन्यात नावं पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणे लिहा आणि लग्नाची तारीख लग्नपत्रिकेशी जुळवा. प्रमाणपत्र छापून झाल्यावर दुरुस्ती करून घेणं फार वेळखाऊ असतं.

काही जण फाइल लवकर लागावी म्हणून आधी विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करतात आणि विधी सहा महिन्यांनी करतात. तसं केलं असेल तर कायद्याने लग्नाची तारीख रजिस्टर लग्नाचीच, आणि सगळ्या फॉर्ममध्ये तीच लिहायची. मधले सहा महिने दोघं आपापल्या घरी का राहिलात, हेही पत्रात सांगा. लग्न दोघांनी प्रत्यक्ष हजर राहून झालेलं हवं. फोनवरून, इंटरनेटवरून किंवा प्रतिनिधी उभा करून झालेलं लग्न जून २०१५ पासून ग्राह्य धरत नाहीत.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं असेल तर न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा लागतो. स्टॅम्पपेपरवर पंचांसमोर केलेल्या काडीमोडीवर विसंबू नका. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. हुकूमनामा आणि दुसरं लग्न यांत त्यापेक्षा कमी दिवस असतील, तर फाइल पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

मराठी घरांतला सगळ्यात मोठा गोंधळ नावांचा. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं, आधारवर नवऱ्याचं, आणि ताटातल्या तांदळात लिहिलेलं नवीन नाव सासरच्या रेशनकार्डावर. फॉर्ममध्ये पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर तसंच लिहा. ‘आणखी कोणतं नाव वापरलं आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून बाकीची सगळी नावं द्या. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत जोडा. नसेल तर या सगळ्या नावांची व्यक्ती एकच आहे असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करा. अर्ज चालू असताना केवळ नावासाठी पासपोर्ट बदलू नका. त्याची गरज नाही आणि काम वाढतं.

फोटो जास्तीत जास्त वीस. वीसही एकाच शालूत, एकाच स्टेजवर असतील तर तो एकच पुरावा झाला. पाहण्याच्या कार्यक्रमाचा मोबाइलवर काढलेला अंधुक फोटोही घ्या, तो मोलाचा आहे. मग साखरपुडा, केळवण, हळद, अंतरपाट, सप्तपदी, दोन्हीकडच्या आईवडिलांसोबतचा एक, पंगतीतला एक, सत्यनारायणाच्या पूजेचा, देवदर्शनाचा, विमानतळावर निरोप देतानाचा. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा: ‘डावीकडून वराची आत्या, वधूचे मामा’. प्री-वेडिंग शूट एखादाच ठेवा, त्यात नातेवाईक दिसत नाहीत.

संपर्काच्या पुराव्याला दहा पानांची मर्यादा आहे. पहिल्या बोलण्यापासून आजपर्यंत काळ पसरेल अशी पानं निवडा, प्रत्येकावर तारीख आणि नाव किंवा नंबर दिसू दे. दोन पानं नुसत्या कॉल-लॉगची ठेवली तर रोजचं बोलणं त्यातून दिसतं. प्रेमाच्या मेसेजपेक्षा आईचा बीपी, गॅसचा नंबर, भाड्याचे पैसे अशी रोजची बोलणी जास्त पटतात. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी हेही मराठीच आहे, त्यालाही भाषांतर लागतं. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाला हाच नियम. लग्नपत्रिका आली, प्रमाणपत्रावरचा मराठी शिक्का आणि हाताने लिहिलेली ओळसुद्धा आली. भाषांतर तुम्ही, यजमान किंवा कुणा नातेवाइकाने केलेलं चालत नाही, इंग्रजीची प्राध्यापक असलेली वहिनीही नाही. भारतात केलंत तर भाषांतरकाराचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची साक्षांकित प्रत सोबत लागते.

पैशाचे व्यवहार हा भक्कम पुरावा आहे, पण तो घाईत उभा करू नका. अर्जाच्या आदल्या महिन्यात हजार रुपये भरून उघडलेलं जोडखातं कुणालाच पटत नाही. त्यापेक्षा यजमानांकडून तुमच्या खात्यात महिन्याला येणारी रक्कम बँकेच्या उताऱ्यावर दाखवा. त्यांच्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यात) भारतात राहणाऱ्या पत्नीचं नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ (आधी ते, त्यांच्या पश्चात पत्नी) पद्धतीने जोडता येतं. वारस म्हणून नाव लावणं दोघांनाही जमण्यासारखं आहे: त्यांच्या कंपनीच्या गटविम्यात आणि टीएफएसएमध्ये (कॅनडातल्या करमुक्त बचत खात्यात) तुमचं, तुमच्या एलआयसीत त्यांचं. नोकरी करत असाल तर पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने करावंच लागतं, आधीचं रद्द होतं. त्याची प्रत आयतीच पुरावा होईल.

यजमानांनी सीआरएला, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याला, वैवाहिक स्थिती बदलल्याचं कळवलं का, हे आजच विचारा. लग्नाच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवायचं असतं. कराच्या कागदावर ‘अविवाहित’ आणि स्पॉन्सरशिपमध्ये ‘विवाहित’ ही विसंगती अधिकाऱ्याला लगेच दिसते. त्यांच्याकडून पीआर कार्डाच्या दोन्ही बाजू, ताजं नोटिस ऑफ असेसमेंट (कर खात्याचं करनिर्धारणाचं पत्र) आणि नोकरीचं पत्र लागेल. पत्नीसाठी किमान उत्पन्नाची अट नसते, त्यामुळे पगार कमी आहे म्हणून थांबू नका. मात्र पीआर असलेल्या स्पॉन्सरने कॅनडातच राहायला हवं. सहा महिने नोकरी सोडून, घर रिकामं करून सांगलीला येऊन राहणं अर्जाला धोक्याचं ठरू शकतं. दुसऱ्या कुणी हे वाचत असेल आणि त्यांचं लग्न नवऱ्याच्या पीआरआधीच झालेलं असेल, तर त्याने तेव्हा पत्नीचं नाव जाहीर केलं होतं का ते आधी तपासा. केलं नसेल तर नियम ११७(९)(ड) आडवा येतो, तेव्हा लपवलेल्या जोडीदाराला नंतर स्पॉन्सर करण्यावर तो बंदी घालतो. त्या परिस्थितीत वकिलाशिवाय अर्ज करू नका.

तुमचा पोलीस क्लिअरन्स दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, फी ५०० रुपये. तो अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना नको, म्हणून सगळ्यात शेवटी काढा. पासपोर्टवर माहेरचा पत्ता आणि तुम्ही सासरी, अशी स्थिती असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा आधी हातात ठेवा, पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. पीआरचा फोटो ५० बाय ७० मिलिमीटरचा असतो, हनुवटीपासून डोक्यापर्यंत ३१ ते ३६ मिलिमीटर. स्टुडिओवाले सवयीने व्हिसाचा दोन इंची चौकोनी फोटो देतात, म्हणून माप कागदावर लिहून न्या.

आयएमएम ५६६९ या तुमच्या पूर्वेतिहासाच्या फॉर्ममध्ये दहा वर्षांचा हिशेब महिन्यानुसार द्यायचा असतो. बारावीनंतर घरी बसलेले चार महिनेही ‘बेरोजगार’ म्हणून लिहा, मोकळी जागा ठेवू नका. पूर्वी कधी कॅनडाचा विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसा मागितला असेल तर तो जुना अर्ज काढून शेजारी ठेवा. दोन्हींत नोकरीच्या तारखा वेगळ्या आल्या तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसू शकतो, आणि त्याला पाच वर्षांची बंदी आहे.

अर्ज ऑनलाइन पोर्टलवर चढवताना आयएमएम ५५३३ ची तपासयादी ओळीओळीने टिक करत जा. ती तुमच्या देशानुसार आणि परिस्थितीनुसार बदलते, म्हणून ओळखीच्यांची दोन वर्षांपूर्वीची यादी वापरू नका. आयएमएम १३४४ या स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर दोघांच्याही सह्या लागतात, एक राहिली तर अख्खा अर्ज परत येतो. फीही भरायच्या दिवशीच कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर बघा. २०२० पासून ती दर दोन वर्षांनी ३० एप्रिलला वाढत आली आहे आणि कमी भरली तरी अर्ज परतच येतो. मेडिकल स्वतःहून आधी करून ठेवू नका, सूचना आल्यावर पॅनेलच्या, म्हणजे त्या खात्याने नेमलेल्या, डॉक्टरांकडेच जा. त्याची मुदत बारा महिन्यांची असते.

अर्ज गेल्यावर तो तारखांचा कागद फाडू नका. यजमान पुढच्या वेळी आले की बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के आणि त्या भेटीतले दोन फोटो त्याच क्रमाने लावत राहा. अधिकाऱ्याने मधेच नवे पुरावे मागितले तर उत्तर द्यायला मोजकेच दिवस मिळतात.