आजी मंत्र्यांसाठी का मागते?

रुथू,

रविवारी आजीचा फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आजी जेवणाआधी मंत्र्यांसाठी प्रार्थना का करते? त्यांच्या ताटात काय कमी आहे?" मी हसले आणि कांदा चिरत राहिले. मग तू हळूच म्हणालीस, "तू तर कुणासाठीच करत नाहीस." ते मात्र लागलं. कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं.

तोंडाने सांगायला गेले की माझं भाषण होतं आणि तू कानात हेडफोन घालतेस. म्हणून लिहून ठेवते. वाटलं तर वाच.

शरणपूरच्या घरी दळणाचा एक नेम होता. डबा गिरणीत जायच्या आधी आजी त्यातली मूठभर बाजरी काढून फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. महिनाअखेरीला तो डबा चर्चमध्ये, तिथून कुणा विधवेच्या नाहीतर आजाऱ्याच्या घरी. मला त्या डब्याचा राग यायचा. एकदा माझ्या पप्पांचा पगार रखडला होता, मी आणि मामा एक भाकरी दोघांत खात होतो, आणि तरीही मूठ निघालीच. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आजी एवढंच म्हणाली, "तो सरवा आहे. आपला नव्हेच तो." सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं. मालकाने ती वेचायची नाहीत, गरिबासाठी सोडायची, हा बायबलमधल्या मोशेच्या वेळचा नेम. मेहेरबानी नाही, नेम. तुझ्या नावाची रूथ तोच सरवा वेचत बवाजाच्या शेतात आली होती.

पण मुठीने किती जणांचं भागणार? हे आजीला माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. 1972 च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची, सिन्नर तालुक्यात. विहिरी आटल्या, जनावरं मिळेल त्या भावाला गेली. चर्चच्या मंडळीने जमवलेलं धान्य पंधरा दिवसही पुरलं नाही, कारण देणाऱ्यांच्याच चुली विझल्या होत्या. मग सरकारी काम निघालं. ती आणि तिची आई रस्त्यावर खडी फोडायच्या, तिथे वाटलेली कोरडी सुकडी खायच्या, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकर गिळायच्या. मिलोचं नाव काढलं की ती अजून तोंड वाकडं करते. पण म्हणते, "त्या वर्षी प्रभूने मला खडीवर जगवलं." राज्य करणारे तिच्या प्रार्थनेत आले ते तिथून.

पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमीचा कायदा झाला, 1977 साली. मागेल त्याला काम. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचं ठरलं. माझ्या पहिल्या पगारातून तो कापला गेला तेव्हा मी कुरकुरले. आजीने पगाराची चिठ्ठी चष्म्याजवळ धरली, नीट वाचली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला डबा!"

आता तू म्हणशील, आई आजीची वकिली करतेय. करतेय थोडी. पण मला न पटणारंही आहे त्यात. त्याच खडीच्या कामावर हजेरीपटात खोटी नावं होती, तिच्या मजुरीतूनही कापून घेतलं होतं. तिने तक्रार केली नाही, प्रार्थना केली. आणि ज्या सरकारसाठी ती रोज मागते, त्याच्या 1950 च्या आदेशात ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीत जागा नाही. शीख आणि बौद्धांसाठी तो नंतर बदलला, आपल्यासाठी नाही. पप्पांची शिष्यवृत्ती त्यातच गेली. मी डोळे मिटायचं सोडलं ते बहुतेक या रागाने. नक्की सांगता येत नाही.

तिला भोळी मात्र समजू नकोस. एका नाताळात एक उमेदवार हात जोडत दारात आले. आजीने करंज्यांची बशी पुढे केली आणि म्हणाली, "तुमचं नाव घेऊन रोज मागते हो, म्हणून विचारते. रेशनवर तांदूळ दोन महिने का नाही?" त्यांनी चहा बशीत न ओतताच संपवला. जीभ भाजली असणार.

ती इथे आली होती तेव्हा तू अगदी लहान होतीस. सुपरमार्केटच्या दारातली फूडबँकेची पेटी बघून ती थबकली. "एवढ्या श्रीमंत देशात अजून मूठ लागते का गं?" मला उत्तर सुचलं नाही. रात्री तिने इथल्या पंतप्रधानांचं नाव विचारलं आणि शास्त्रात, म्हणजे तिच्या बायबलात, ठेवलेल्या छोट्या वहीत मराठीत लिहून घेतलं. तेव्हापासून ती ओळ तिला इतक्या वेळा खोडावी लागली आहे की पान फाटायला आलंय. पुढच्या रविवारी वही दाखव म्हणावं तिला.

तुझी आई